उणे शून्याची बडदास्त

क्ष अधिक शून्य बरोबर किती? क्ष म्हणजे काय एवढं समजावून सांगितलं, तर दुसरीतलं पोरही चटकन उत्तर देईल. कंपायलर देणार नाही. जीसीसी घ्या नाहीतर क्लँग घ्या, शेकडो हुशार डोकी वर्षानुवर्षं राबून तयार झालेले हे प्रोग्राम. तुमच्या कोडमधलं निम्मं काम ते ‘याची गरजच काय?’ म्हणत परस्पर उडवून लावतात. पण दशांश चिन्हाच्या आकड्यात शून्य मिळवायला सांगा, की हेच कंपायलर खाली मान घालून बेरजेची खरीखुरी सूचना लिहून मोकळे होतात. प्रोसेसर ती इमानेइतबारे पाळतो, आपल्या घड्याळाचे चार ठोके त्यात घालवतो आणि जो आकडा होता तोच परत आणून देतो.

कारण विचाराल तर क्ष हा उणे शून्य असू शकतो.

संगणकातल्या दशांश आकड्यांसाठी आयट्रिपलई ७५४ नावाचं मानक आहे. त्यात शून्यालाही चिन्ह असतं. अधिक शून्य आणि उणे शून्य यांची तुलना केली तर दोघं अगदी समान. पण एकाला त्यांनी भागून बघा : एकाकडून उत्तर येतं अधिक अनंत, दुसऱ्याकडून उणे अनंत. समान म्हणून गणलेल्या दोघांत इतकं अंतर मी फक्त जुळ्या भावांच्या वाटणीच्या दाव्यात पाहिलंय. तर या उणे शून्यात अधिक शून्य मिळवलं की अधिक शून्य येतं, म्हणजे चिन्ह बदललं, म्हणजे क्ष अधिक शून्य हा क्ष नव्हे. कंपायलरचं म्हणणं नियमाला धरून आहे. गंमत अशी की क्ष वजा शून्य मात्र बिनतक्रार क्षच राहतो, आणि तिथे कंपायलर ते काम खुशाल वाचवतो. तेव्हा पुढच्या वेळी कुठे शून्य मिळवायची हुक्की आलीच, तर ते वजा करावं.

हेच सूत्र पुढे चालवलं की शाळेतलं बीजगणित एकेक करून गळून पडतं. क्ष गुणिले शून्य हे शून्य नाही, कारण क्ष अनंत असू शकतो. क्ष वजा क्ष हेही शून्य नाही, कारण तेच. इतकंच काय, क्ष बरोबर क्ष हेसुद्धा गृहीत धरता येत नाही, कारण क्ष नॅन असू शकतो. शून्य भागिले शून्य, उणे एकाचं वर्गमूळ असल्या अवघड प्रश्नांना मानकाने हे एकच उत्तर नेमून दिलंय; ‘हा आकडाच नव्हे’ असं सांगायला ठेवलेला आकडा. त्याचा स्वभाव असा की तो कुणाच्याच बरोबर नसतो, स्वतःच्याही नाही. आणि त्याच्याशी जो कुणी बेरीज-वजाबाकी करायला जातो, तोही नॅन होऊन बसतो.

भागाकाराचंही तसंच. क्ष भागिले चार असं लिहिलंत तर कंपायलर गुपचूप पावाने गुणतो, कारण पाव हा आकडा द्विमान पद्धतीत नेमका मांडता येतो. क्ष भागिले दहा लिहिलंत तर भागतच बसतो, कारण एक दशांश तिथे नेमका मांडता येत नाही आणि शेवटच्या घरात फरक पडू शकतो. इंटेलच्या २०१५ सालच्या स्कायलेक प्रोसेसरवर गुणाकाराचं उत्तर चार ठोक्यांत हाती येतं, भागाकाराचं यायला तेरा-चौदा लागतात. दशमान पद्धत ज्या देशाने जगाला दिली, तिथल्या माणसाने दहाने भागायची ही किंमत मुकाट्याने मोजायची.

पण हा सगळा फुटकळ खर्च झाला. खरा खड्डा पडतो तो साध्या बेरजेत. दहा लाख आकड्यांची यादी आहे आणि त्यांची बेरीज हवी आहे, इतका बाळबोध लूप प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात लिहिलेला असतो. तोच स्कायलेक एका सूचनेत चार डबल, म्हणजे चौसष्ट बिटांचे, आकडे मिळवू शकतो, एका ठोक्यात अशा दोन सूचना सुरू करू शकतो, आणि उत्तर यायला चार ठोके लागत असल्यामुळे एका वेळी बत्तीस बेरजा वाटेत असू शकतात. आपल्या लूपमध्ये वाटेत असते एक. पहिल्या बेरजेचं उत्तर आल्याशिवाय दुसरी सुरू होत नाही, कारण आपण क्रम तसा लिहिलाय. एकतीस जण रिकामे बसून एकाचं काम बघतायत, आणि तुम्ही त्या बत्तिसांच्या किमतीचा प्रोसेसर विकत घेतलाय.

गणपतीच्या वर्गणीची पेटी उघडल्यावर मंडळाची पोरं चार ढीग करतात, चौघांत वाटून मोजतात आणि शेवटी चार बेरजा एकत्र करतात. रक्कम तीच येते (न आल्यास कारण गणिती नसतं). कंपायलरला हे सुचत नाही असं नाही, पूर्णांक आकडे असले तर तो नेमकं हेच करतो. दशांश आकड्यांत मात्र तो हात आखडता घेतो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करून त्यात ०.३ मिळवले, तर डबलमध्ये ०.६०००००००००००००१ येतात. आधी ०.२ आणि ०.३ मिळवले आणि मग ०.१, तर येतात नेमके ०.६. मोठे आकडे घेतले तर फरक डोळ्यांत भरतो. एकावर सोळा शून्यं एवढ्या रकमेत एक मिळवा आणि मग तेवढीच मोठी रक्कम वजा करा : हाती शून्य. आधी मोठ्यातून मोठी वजा करून मग एक मिळवा : हाती एक. रुपया तोच, फक्त रांगेत उभा कुठे राहिला त्यावर त्याचं अस्तित्व ठरलं. तेव्हा बेरजेचा क्रम बदलणं म्हणजे उत्तर बदलणं, आणि तुम्हाला न विचारता उत्तर बदलायचा अधिकार मानकाने कंपायलरला दिलेला नाही.

इथे एक भाबडा समज आड येतो. मानक पाळून आलं म्हणजे उत्तर खरं, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं असतंच असं नाही. ते ठरलेलं असतं. एक अधिक एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश अशी ती प्रसिद्ध मालिका घ्या. तिची बेरीज कुठेच थांबत नाही, हळूहळू का होईना पण वाढतच जाते, हे सिद्ध करण्यात आपला कॉलेजातला एक अख्खा तास गेलेला असतो. तीच मालिका बत्तीस बिटांच्या फ्लोटमध्ये एकापुढे एक मिळवत जा. एकवीस लाखांच्या आसपास पदं झाली की बेरीज १५.४०३६८ वर येऊन जी गप्प बसते ती बसतेच. जमलेल्या बेरजेपुढे नवं पद इतकं चिल्लर ठरतं की त्याची दखलच घेतली जात नाही. मानकाचं तंतोतंत पालन करून आलेलं, जगातल्या कुठल्याही यंत्रावर पुन्हा पुन्हा तसंच येणारं, आणि साफ चुकीचं उत्तर. उलट चार ढीग करून, नियम मोडून मोजलेली बेरीज बहुतेक वेळा सत्याच्या अधिक जवळ जाते, कारण प्रत्येक ढीग लहान राहतो आणि चिल्लर कमी हरवते. म्हणजे हळू चालून आपण जे विकत घेतो ती अचूकता नव्हे. घेतो ती पुनरावृत्ती. काल आलेलं उत्तर आज यावं, माझ्या यंत्रावर आलेलं तुमच्याही यंत्रावर यावं, एवढंच. टेस्टिंगवाल्यांच्या एक्सेलशीटसाठी तेवढं पुरतं.

आणि ही पुनरावृत्ती फुकटात मिळालेली नाही, हे आधीची परिस्थिती पाहिली की कळतं. १९७० च्या दशकात दर कंपनीचं यंत्र आपापल्या लहरीने दशांश आकडे हाताळायचं. काही यंत्रांवर एखादा आकडा तुलना करताना शून्य नसायचा आणि भागायला घेतला की शून्य व्हायचा. म्हणून जाणते प्रोग्रामर भाजकाला आधी १.० ने गुणून घ्यायचे आणि मग तो शून्य आहे का ते तपासायचे. दुसऱ्या काही यंत्रांवर १.० ने गुणलं की आकड्याची शेवटची चार बिटं झडायची, त्यामुळे तिथे हा तोडगा वर्ज्य. एका गावचा उतारा दुसऱ्या गावी बाधायचा. हा बाजार मोडून काढला तो बर्कलीच्या विल्यम काहान यांनी. इंटेलच्या ८०८७ या गणिती चिपच्या निमित्ताने त्यांनी जे नियम बसवले, त्यांतून १९८५ साली हे मानक निघालं आणि १९८९ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

मधली वर्षं भांडणात गेली, आणि भांडण मुख्यतः एका चिमुकल्या गोष्टीवरून होतं. डबलमधला सर्वांत लहान धडधाकट आकडा साधारण २.२ गुणिले दहाचा उणे ३०८ वा घात एवढा असतो. त्याच्याही खाली गेलं की काय करायचं? एकदम शून्य करायचं, की अचूकता थोडी थोडी सोडत उतरत जायचं? काहान म्हणाले, उतरत जा. म्हणजे निदान दोन वेगळ्या आकड्यांची वजाबाकी कधी शून्य होणार नाही. डिजिटल इक्विपमेंट कंपनी म्हणाली, जलद यंत्रात हे परवडणार नाही. आपल्या म्हणण्याला वजन यावं म्हणून कंपनीने मेरीलँड विद्यापीठातले नामांकित तज्ज्ञ जी. डब्ल्यू. स्ट्युअर्ट यांना या पद्धतीची तपासणी करायला नेमलं. १९८१ साली बॉस्टनच्या बैठकीत स्ट्युअर्ट उभे राहिले आणि एकंदरीत विचार करता काहान यांचंच बरोबर आहे, असं सांगून खाली बसले. फी घेऊन खरं बोलणारा तज्ज्ञ भेटणं हा त्या कंपनीचा योग.

तरीही कंपनीची भीती अगदीच खोटी नव्हती, हे संगीताचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना विचारावं. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांवर असा बारीक आकडा गुणाकारात आला की नेहमीचा रस्ता बंद होतो आणि दीडशेच्या आसपास ठोक्यांचा वळसा पडतो. आता एखाद्या गाण्यावर घुमाऱ्याचा इफेक्ट लावलाय. गाणं संपतं, घुमारा विरत विरत जातो, कानाला काही ऐकू येईनासं होतं. पण आकडे अजून शून्य झालेले नसतात, ते नियमाप्रमाणे उतरत असतात. नेमक्या त्या शांततेत प्रोसेसर धापा टाकू लागतो आणि पंखा सुरू होतो. गाणं चालू असताना यंत्र निवांत आणि संपल्यावर घामाघूम. म्हणून ही मंडळी असे आकडे सरसकट शून्य करणारा स्विच आधीच दाबून ठेवतात, आणि मला ते पूर्ण मान्य आहे. ऐकूच न येणाऱ्या आवाजाच्या अचूकतेसाठी कुणी घाम गाळू नये.

बेरजेचा क्रम जपणाऱ्या सी भाषेच्या या सोवळ्याच्या तुलनेत फोर्ट्रान मोकळी. तिचा नियम असा की गणिताने समान असलेलं काहीही कंपायलरने करावं, फक्त लिहिणाऱ्याने घातलेल्या कंसांचा मान राखावा. मला हा करार फार समंजस वाटतो. जिथे क्रमाची पर्वा आहे तिथे कंस घाला, बाकी आमच्यावर सोडा. हवामानाची बहुतेक मोठी मॉडेलं फोर्ट्रानमध्येच आहेत. पुण्यात पाषाणला, उष्णदेशीय हवामान संस्थेत २०१८ पासून ‘प्रत्युष’ महासंगणकावर मॉन्सूनचे अंदाज चालत आले, तेही याच कुळातले. पण हवामानवाल्यांना या मोकळीकीचीही धास्ती असते, कारण त्यांचं दुधाने तोंड पोळलंय. १९६१ साली एडवर्ड लोरेन्झ यांनी ०.५०६१२७ च्या जागी छापील कागदावरचे ०.५०६ भरले, तासाभराने परत येऊन पाहिलं तर यंत्रातलं हवामान भलत्याच वाटेने गेलेलं. तेव्हापासून शेवटच्या घरातल्या फरकाकडे ही मंडळी संशयाने बघतात. महासंगणकावर तेच मॉडेल कमी-जास्त प्रोसेसरांवर चालवलं तरी बेरजेचे ढीग बदलतात, आणि काही पंधरवड्यांनी पावसाचे ढगही. मग उत्तर बिटापर्यंत तेच यावं म्हणून मुद्दाम हळू बेरीज करणारा पर्याय मॉडेलात ठेवावा लागतो.

या खेळातला सर्वांत मजेचा काळ होता जुन्या ८०८७ घराण्याचा. त्याच्या पोटातल्या कप्प्यांत आकडा ऐंशी बिटांचा राहायचा, मेमरीत ठेवताना कापून चौसष्टचा व्हायचा. कप्पे कमी पडले की कंपायलर एखादा आकडा तात्पुरता मेमरीत नेऊन ठेवायचा. कधी न्यायचा, कुठला न्यायचा, हे त्याच्या मर्जीवर. त्यामुळे एकाच आकड्याची स्वतःशी तुलना केली तरी ‘असमान’ असं उत्तर यायचं, कारण एक प्रत लांबरुंद आणि दुसरी केस कापून आलेली. जीसीसीच्या तक्रारवहीत २००० साली ३२३ क्रमांकाची तक्रार यावरच नोंदली गेली, आणि पुढची कित्येक वर्षं नवनवे लोक त्याच खड्ड्यात पडून नवी तक्रार करायचे आणि त्यांना ‘३२३ पहा’ असं सांगून परत पाठवलं जायचं. त्या काळात प्रत्येक ऑफिसात हा संवाद झालेला आहे :

“सर, प्रिंट टाकलं की उत्तर बरोबर येतं. प्रिंट काढलं की चुकतं.”

“अरे, मग राहू दे की प्रिंट.”

सरांचं चुकत नव्हतं. प्रिंट टाकल्यामुळे आकडा मेमरीत जाऊन कापला जायचा आणि सगळं ताळ्यावर यायचं.

जावाने या गोंधळावर प्रतिज्ञा केली की सगळीकडे उत्तर एकच येईल. मग इंटेलच्या त्या चिपवर ही प्रतिज्ञा पाळायला किती वेळ जातो ते दिसलं, आणि १९९८ साली जावा १.२ मध्ये प्रतिज्ञा ऐच्छिक झाली. ज्याला पाळायची त्याने ‘स्ट्रिक्टएफपी’ असं लिहावं. त्याच वर्षी खुद्द काहान यांनी जोसेफ डार्सी यांच्याबरोबर एक प्रदीर्घ निबंध लिहून जावाला झोडपलं, आणि त्यांच्या तक्रारींपैकी एक अशी की बिटागणिक सारखं उत्तर येण्याचा हा हट्टच चुकीचा आहे. नियम बसवणाऱ्यानेच ‘इतके नियम पाळू नका’ म्हणायची वेळ आली. पुढे पेंटियम ४ बरोबर २००० साली नव्या पद्धतीच्या सूचना आल्या, जुन्या कप्प्यांची गरज संपली, आणि २०२१ साली जावा १७ ने जाहीर केलं की आता सगळंच पुन्हा काटेकोर. तेवीस वर्षं स्ट्रिक्टएफपी हा शब्द मुलाखतीत विचारायच्या कामी आला, यापलीकडे त्याचा फारसा वापर झालेला मी पाहिला नाही.

तर मुद्दा वेगाचा. ज्याला एवढी शिस्त नको त्याच्यासाठी जीसीसीने एक स्विच ठेवलाय, त्याचं नाव फास्ट-मॅथ. सगळी करामत या नावात आहे. ‘चुकीचं-चालेल-मॅथ’ असं नाव ठेवलं असतं तर कुणी हात लावला नसता. ‘फास्ट’ म्हटल्यावर नको कोण म्हणेल? हा स्विच लावला की कंपायलर बेरजेचे ढीग करतो, दहाने भागण्याऐवजी गुणतो, उणे शून्याचे लाड बंद करतो. इथवर ठीक. पण तो असंही धरून चालतो की नॅन आणि अनंत या जगात नाहीतच. परिणाम असा की ‘हा आकडा नॅन आहे का?’ असं विचारणारं इझनॅन हे फंक्शन कंपायलर वाचतो आणि तिथे कायमचं ‘नाही’ असं लिहून टाकतो. म्हणजे तुम्ही काळजीपूर्वक दारावर बसवलेला रखवालदार तो नोकरीवरून काढतो, का तर चोर अस्तित्वातच नसतात.

सर्वांत वाईट गत होते ती खुद्द काहान यांच्या युक्तीची. लांबलचक बेरजेत हरवणारी चिल्लर परत मिळवायची एक सोपी पद्धत त्यांनी १९६५ साली छापली होती. नव्या बेरजेतून जुनी बेरीज वजा करायची, त्यातून नुकताच मिळवलेला आकडा वजा करायचा. कागदावर याचं उत्तर शून्य. यंत्रात जे उरतं तीच हरवलेली चिल्लर, ती पुढच्या फेरीत जमा करायची. फास्ट-मॅथ लावलेल्या कंपायलरला अचानक शाळेचं बीजगणित आठवतं. तो ती ओळ बघतो, ‘हे तर शून्यच’ म्हणतो आणि अख्खी युक्ती पुसून टाकतो. प्रोग्राम जोरात पळतो, आणि जी गोष्ट करण्यासाठी तो लिहिला होता तेवढी सोडून बाकी सगळं करतो.

शिवाय संसर्ग. बारीक आकडे शून्य करायचा तो स्विच प्रोसेसरच्या अंगावरच असतो. फास्ट-मॅथ लावून बनवलेली एखादी लायब्ररी नुसती लोड झाली, तिचं एकही फंक्शन वापरलं नाही, तरी आत येतानाच ती हा स्विच दाबायची, आणि तुमच्या शुद्ध प्रोग्रामचंही गणित बदलून जायचं. पाहुणा यायचा, पाणीही न घेता बसायचा आणि जाताना घराचं मीटर बदलून जायचा. २०२३ च्या जीसीसी १३ पासून लायब्ऱ्यांची ही खोड मोडली.

आणि ज्या वेगासाठी हा सगळा उपद्व्याप, त्यातला काही भाग तर या मानकाच्या खात्यावरचा नाहीच. वर्गमूळ काढायची एकच सूचना प्रोसेसरमध्ये तयार असते. पण सी भाषेची जुनी रीत अशी की ऋण आकड्याचं वर्गमूळ मागितलं तर एर्नो नावाच्या एका खोक्यात तशी चिठ्ठी टाकायची. म्हणून लिनक्सवर प्रत्येक वर्गमुळाआधी-नंतर तपासणी, आणि तेवढ्यासाठी लूपचे ढीग करणं बंद. ही वर्गमुळाची चिठ्ठी कधी कुणी उघडून वाचली असेल तर त्या सद्‌गृहस्थाला मला भेटायचंय. ॲपलच्या यंत्रांवर ही चिठ्ठी टाकतच नाहीत, आणि तिथे काही आकाश कोसळलेलं नाही. जीसीसीमध्ये एवढीच एक सवय बंद करायचा सुटा स्विच आहे. चिन्हाच्या शून्यासाठी वेगळा आहे, भागाकारासाठी वेगळा आहे. सगळं किरकोळीत मिळतं, पण आपल्याला घाऊक घ्यायची सवय.

त्याहून सरळ रस्ता म्हणजे आपल्याला काय चालेल ते कोडमध्येच लिहावं. सी++ १७ मध्ये ‘रिड्यूस’ आहे; ते वापरलं की ‘क्रमाचं मला काही नाही’ असं आपण लेखी दिल्यासारखं होतं. नाहीतर चार बेरजा चार व्हेरिएबलांत हातानेच कराव्यात आणि शेवटी मिळवाव्यात. क्रम आपणच ठरवला, तेव्हा मानक खूश. प्रोसेसरचे बसलेले हात कामाला लागले, तेव्हा वेळही वाचला. मध्यंतरी मी एका लूपमध्ये असंच लिहिलं आणि तपासायला दिलं. दुसऱ्या दिवशी एका ओळीचा शेरा येऊन पडला होता : “एका बेरजेला चार व्हेरिएबल कशाला? एकच ठेवा, बाकी कंपायलर बघून घेईल.”